‘मजेत आहे’ म्हणतेस, पण कशी आहेस?

अगं, ‘ताई, मी मजेत आहे’ हे तू हल्ली इतक्या घाईघाईनं म्हणतेस की पुढचं काही विचारायला जागाच उरत नाही. म्हणून लिहायला बसले. लातूरला गेल्यापासून तुझं सगळं मार्कांवर चाललंय. टेस्ट झाली, 720 पैकी किती पडले, रँक कितवी, ग्रुपवर यादी. फिजिक्सच्या कुठल्या धड्यात कच्ची आहेस ते तू झोपेतसुद्धा सांगशील. पण गेले पंधरा दिवस तू स्वतः कशी होतीस, असं विचारलं तर अडखळशील. त्याची सवय कुणी लावलेलीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. 1998 पासून जगभर वापरतात. रफ वहीच्या मागच्या पानावर सहज होते. गेले दोन आठवडे डोळ्यांसमोर आण. मन आनंदी होतं का? शांत, निवांत वाटत होतं का? अंगात तरतरी होती का? सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटायचं का? आणि मन रमेल असं रोजच्या दिवसात काही होतं का? प्रत्येकाला 0 ते 5 गुण दे. सदासर्वकाळ तसं वाटलं तर 5, कधीच नाही तर 0. बेरीज 25 पैकी. ती 13 पेक्षा कमी आली, किंवा एखाद्या प्रश्नाला 0 किंवा 1 द्यावासा वाटला, तर कुणाशी तरी बोलायची वेळ झाली. तेवढ्यावरून तू आजारी ठरत नाहीस. अंग गरम लागलं की आपण थर्मामीटर लावतो, तसंच हे. पुढचं डॉक्टर बघतील. फक्त मला बरं वाटावं म्हणून गुण वाढवू नकोस.

चौथ्या प्रश्नाशी जरा थांब. तुझ्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून दहाला दिवा मालवला तरी डोळा लागत नाही. तो तुझा आळशीपणा नाही. पण पहाटे पाचला उठायचंच असेल, तर रात्री साडेबारापर्यंत मोबाइलवर टेस्टच्या प्रश्नांची उत्तरं ताडून बघत बसणं परवडणारं नाही. चिडचिड, विसरभोळेपणा, डबा अर्धा तसाच परत जाणं, यातलं बरंचसं नुसत्या झोपेच्या उधारीमुळे होतं. आधी एक आठवडा झोप सुधारून बघ आणि मग पुन्हा बेरीज कर.

आता तुझा खरा प्रश्न. मैत्रिणी टेस्ट वाईट गेली तरी हसतात आणि तुला रडू फुटतं, म्हणून तू स्वतःला कमकुवत म्हणतेस. मला हे मुळीच पटत नाही. रडू आलं की नाही यावरून काही कळत नाही. रडून झाल्यावर तू काय करतेस, ते बघ. जेवतेस का? दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडतेस का, की चार दिवस नुसती भिंतीकडे बघत पडून राहतेस? कुणाला सांगतेस का?

दहावीच्या सहामाहीच्या तोंडावर आजी गेली, तेव्हाचं आठव. तू आत्याकडे जाऊन बसायचीस. ती शेंगा सोलायची, तूही सोलायचीस. फारसं बोलणं नसायचं. सुपात टरफलांचा ढीग व्हायचा आणि तू घरी यायचीस. मग एके दिवशी आपणहून दप्तर काढलंस. तुला कुणी ‘खंबीर हो’ म्हटलं नव्हतं. तेव्हा कशानं सावरलीस ते लिहून काढ. ती तुझी स्वतःची रीत आहे, आणि ती लातूरलाही चालेल.

त्यात आत्याचा वाटा किती मोठा होता ते बघ. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची आजारपणं अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं छान, समंजस माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक मोठं माणूस. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे शिक्षक. टिकून राहण्याची ताकद एकट्याच्या छातीत असते, असं आपल्याला उगीच शिकवलं जातं. म्हणून त्याच पानावर खाली नावं लिही. रात्री अकराला फोन केला तर ‘अभ्यास कर’ न म्हणता ऐकून घेईल असं कोण? मी आहेच. आत्या आहे. तुमच्या रेक्टर काकूही वाटतात तशा कडक नाहीत, एकदा बोलून बघ.

आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. ‘आपण नसलो तर बरं’ असा विचार एकदा जरी आला, तरी बेरीज वगैरे करत बसू नकोस. त्याच क्षणी मला उठव, कितीही वाजलेले असोत. शेजारच्या खोलीतल्या मुलीला हाक मार, एकटी राहू नकोस. माझा फोन लागला नाही तर 14416 लाव. टेलिमानस ही सरकारची फुकट सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी 1098 सुद्धा आहे. हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह कर, आणि रूममेटलाही दे. तिलाही कधी लागतील.

रविवारी फोन करशील तेव्हा टेस्टचे मार्क मी विचारणार नाही. त्या पाच प्रश्नांची बेरीज सांग. कमी आली असेल तर आईला काय आणि कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. ती घाबरेल, पण रागावणार नाही. आणि डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तर मी लातूरला येते.