‘चहा’ म्हणता यावं म्हणून

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर डोळ्यांसमोर आणा. अर्धांगवायूचा झटका आला, जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. समोर चहाचा कप धरून ‘हे काय?’ विचारलं तर शब्द येत नाही. आलाच तर ‘वाटी’ येतो, आणि तो चुकला हे आधी त्यांनाच कळतं. मात्र ‘एक, दोन’ अशी सुरुवात करून दिली की पुढचे आकडे घडाघडा येतात. आरती येते. चिडले की शिवीही अगदी स्वच्छ येते! घरच्यांना वाटतं, हे मुद्दाम करतात, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. दोन्ही समज चुकीचे. याला वाचाघात म्हणतात. विचार जागेवर असतात, पण शब्दांपर्यंतची वाट बंद झालेली असते.

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं, आणि उजव्या अंगाची हालचालही तिथूनच होते. म्हणून ही दोन दुखणी बऱ्याचदा जोडीनं येतात. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूतली इजा नेमकी दाखवली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: बोलणं अस्खलित, पण त्याला अर्थ नाही आणि समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही.

अशा माणसाला पुन्हा बोलतं करायला मदत करणारा तो वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजे आपल्या बोलण्यातला स्पीच थेरपिस्ट. वाचाघातातलं त्याचं काम म्हणजे जिभेचे व्यायाम नव्हेत. तो ‘च…’ एवढंच म्हणून थांबतो. नाही जमलं तर ‘सकाळी उठल्यावर काय पिता?’ विचारतो. कधी चित्र दाखवतो, कधी डाव्या हातानं लिहायला लावतो, कधी वाक्य सुरात म्हणवून घेतो. कारण बोलता न येणाऱ्याला गाता येतं, हे बऱ्याच रुग्णांत दिसतं. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पण पुढे वर्षानुवर्षंही थोडी थोडी होत राहते. झटक्यानंतर रुग्णाला पाणी सुखरूप गिळता येतंय का, हे तपासण्यातही या तज्ज्ञाचा हात असतो. ही बाजू या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

आता मुलांसाठी या व्यवसायाचा विचार करू पाहणाऱ्या पालकांशी थोडं. ‘मराठीचा पुढे उपयोग काय?’ हा प्रश्न मला दर जूनमध्ये ऐकावा लागतो. या व्यवसायात मराठी हेच हत्यार आहे. वाचाघातात प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात: ‘आई बाजार भाजी’, ‘आई आला’. हे ऐकून नेमकं काय तुटलंय ते ओळखायचं, आणि त्या घरात ‘कालवण’ म्हणतात की ‘आमटी’ हे धरून सरावाचे शब्द निवडायचे, तर भाषा आतून यावी लागते. इंग्रजी चित्रांच्या पुस्तकातलं सफरचंद सांगलीच्या आजोबांच्या किती कामाचं?

पदवीचं नाव बीएएसएलपी. एका वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षं. बारावीला विज्ञान शाखा हवी. राज्यातल्या आरोग्य विद्यापीठाच्या महाविद्यालयांत नीटच्या गुणांवर, सीईटी कक्षामार्फत प्रवेश होतात. १९६५ मध्ये सुरू झालेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्वतःची परीक्षा घेत आली आहे. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, हे जवळचे पर्याय. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या काकांच्या भरवशावर राहू नका. कॉलेजच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी तपासा. त्या परिषदेच्या नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही.

नोकरीचं खरं सांगायचं तर पदवीधरांपैकी बरेच जण लहान मुलांच्या कामात जातात: उशिरा बोलणारी, कमी ऐकू येणारी, स्वमग्न मुलं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही पदं असतात. वाचाघाताचं काम मुख्यतः मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आणि घरी जाऊन चालतं. सुरुवातीचा पगार पाहून नाक मुरडाल. हातात अनुभव आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आली की चित्र बदलतं. अमेरिकेत जायचं मनात असेल तर ती पदव्युत्तर पदवी लागतेच.

मुलाला हे झेपेल का, हे कलचाचणीच्या कागदावर कळणार नाही. ओळखीत असा रुग्ण असेल तर त्यांच्या संमतीनं मुलाला अर्धा तास शेजारी बसवा. अट एकच: आजोबा शब्द शोधत असताना त्यानं तो पुरवायचा नाही, मोबाइलकडे बघायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही, कारण आजोबा बहिरे नाहीत. नुसतं थांबायचं. तो उठून आल्यावर लगेच काही विचारू नका. आधी काय सांगतो ते ऐका: ‘आजोबा खूप वेळ घेतात’ म्हणतो, की ‘त्यांना बहुतेक खिडकी उघडायची होती’ म्हणतो.