आठचा फॅक्टोरियल उणे कसा आला?

मुलाला इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला प्रवेश मिळाला की घरात आधी लॅपटॉपच्या किमतीची चर्चा सुरू होते. पहिल्या वर्षाच्या सी भाषेपुरतं बोलायचं, तर चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो आणि चांगला कंपायलर फुकट मिळतो. खरा घोळ आहे तो कोणता कंपायलर घ्यायचा याचा.

कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये अजूनही निळ्या पडद्याचा टर्बो सी दिसतो. बोरलँड कंपनीने तो १९८७ मध्ये डॉससाठी आणला. सी भाषेचं अमेरिकी प्रमाणीकरण झालं १९८९ मध्ये, म्हणजे त्यानंतर. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये बसवावा लागतो. तेवढा खटाटोप जमतोही. पण त्यात फॅक्टोरियलचा प्रोग्राम करून बघा. सातचं उत्तर ५०४०, बरोबर. आठचं यायला हवं ४०३२०, आणि पडद्यावर येतं उणे २५२१६! त्याचा 'इंट' १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या पुढचा आकडा मावतच नाही. विद्यार्थी बिचारा लॉजिक तपासत बसतो. जीसीसीमध्ये 'इंट' सहसा ३२ बिटांचा असतो, त्यामुळे बारापर्यंत उत्तर बरोबर येतं. तेराला तिथेही गडबड होते, आणि ती का होते हे ज्याला सांगता आलं त्याने व्हायव्हाची धास्ती घेऊ नये.

म्हणून घरी जीसीसीच वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे. उबुंटूवर तो एका कमांडने बसतो. मॅकवर ॲपलची कमांड लाइन टूल्स घेतली की क्लँग मिळतो, तोही उत्तम. विंडोजवर नवख्याला कोडब्लॉक्स सोपं, मात्र डाउनलोड करताना 'मिनजीडब्ल्यू' असा उल्लेख असलेलीच फाइल घ्या. नुसतं कोडब्लॉक्स घेतलं तर त्यात कंपायलर नसतो. व्हीएस कोडचंही तेच, तो फक्त एडिटर आहे. 'सगळं इन्स्टॉल केलं तरी चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. वॉर्निंग दाखवण्याचा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

लॅबमध्ये टर्बो सीच असेल तर सरांशी वाद घालू नका. प्रॅक्टिकल परीक्षा कोणत्या कंपायलरवर होणार, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. घरी 'इंट मेन' लिहा आणि 'कोनिओ' हेडर, 'गेटसीएच' वगैरे मंडळींना लांब ठेवा. स्क्रीन पुसायची सोय त्यांच्याकडे असते, पण ती प्रमाण सीमध्ये नाही. परीक्षेआधी दोन-चार प्रोग्राम लॅबच्या मशीनवर चालवून बघितले की झालं.

आणि लॅपटॉप घेणं यंदा जमत नसेल, तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स घेऊन त्यात क्लँग बसवता येतो. बारीक पडद्यावर टाइप करायचा कंटाळा येतो खरा, पण पहिल्या सत्राचे बहुतेक प्रोग्राम त्यावर चालतात.