बेलाच्या गाडीचं इंजिन

काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन गोऱ्यापान हातांच्या ओंजळीत लालभडक सफरचंद. हे पुस्तक तुमच्या घरात वहीखाली किंवा मोबाइलमध्ये पीडीएफ होऊन केव्हाच आलेलं असेल. नाव ‘ट्वायलाइट’, लेखिका स्टेफनी मेयर. २००५ साली ते अमेरिकेत निघालं, २००८ पर्यंत पुढचे तीन भाग आले, मग सिनेमे झाले. आज दहावीत असलेल्या मुलींपेक्षा हे पुस्तक वयाने मोठं आहे, तरी जालन्यात ते अजून या दप्तरातून त्या दप्तरात फिरतं. मानव विकासच्या निळ्या बसमधून शाळेला येणाऱ्या मुलींच्या हातातही मी ते पाहिलंय.

पालकसभेत एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, हे भुताखेताशी प्रेम वाचून पोरगी बिघडणार तर नाही ना?” उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गोष्ट थोडक्यात सांगते. बेला सतरा वर्षांची. आईवडिलांचा घटस्फोट झालेला. ती फोर्क्स नावाच्या सतत पाऊस पडणाऱ्या छोट्या गावात वडिलांकडे राहायला येते. वर्गात एडवर्ड भेटतो. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण त्याचा जन्म १९०१चा. १९१८च्या साथीत मरता मरता त्याला व्हॅम्पायर केलं गेलं. माणसाचं रक्त प्यायचं नाही, जनावरांवर भागवायचं, असं त्याच्या घरच्यांनी ठरवलेलं आहे. आणि नेमकी बेलाच्या रक्ताची ओढ त्याला अनावर होते.

भुताची भीती तुम्ही आधी मनातून काढून टाका. माणसाने माणूस नसलेल्याच्या प्रेमात पडणं आपल्याला नवं नाही. पुरूरवा राजा आणि उर्वशी अप्सरा यांचा संवाद ऋग्वेदात आहे, त्यावर कालिदासाने नाटक लिहिलं. वेताळाच्या गोष्टी तर आपल्या शेजारच्याच. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. तीच गोदावरी पुढे शहागडावरून वाहत जाते. विहिरीवरच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा हे ऐकतच आपण मोठे झालो आणि कुणी बिघडलो नाही.

आता पुस्तकाचं चांगलं काय ते मनापासून सांगते, कारण ते मान्य केल्याशिवाय मुलगी तुमचं पुढचं ऐकून घेणार नाही. धड्याची दोन पानं वाचताना जांभया देणारी मुलगी जवळपास पाचशे पानं इंग्रजीतून वाचते, अडलेले शब्द मैत्रिणीला विचारते. हे काही थोडकं नाही. नव्या शाळेत डबा खायला कुणाशेजारी बसायचं ही धाकधूक, घटस्फोटित आईवडिलांना सांभाळून घेणारी मुलगी, कमी बोलणारा बाप आणि त्याच्यासाठी रांधणारी लेक, हे सगळं मेयरबाईंनी फार समजून लिहिलंय. आणि दुसऱ्या भागातली ती पानं! एडवर्ड सोडून जातो. पुढच्या पानावर फक्त ‘ऑक्टोबर’ एवढाच शब्द. मग ‘नोव्हेंबर’. मग ‘डिसेंबर’, मग ‘जानेवारी’. बाकी पानं कोरी. पोरीचे चार महिने कसे गेले हे एकही वाक्य न लिहिता सांगितलंय. लेखणीची ही ताकद आहे, आणि ती मुलींना आपसूक कळते.

ओढ असूनही आवरून धरणं, हा या कादंबरीचा प्राण आहे. जवळ यावंसं वाटतं आणि जवळ येण्यातच धोका आहे. वयात येणाऱ्या मुलीच्या मनात नेमकं हेच चाललेलं असतं, पण त्यावर तिच्याशी बोलायला घरात कुणी नसतं. पुस्तक बोलतं.

लेखन म्हणून दोष आहेतच. एडवर्ड किती देखणा, हे इतक्या वेळा येतं की कंटाळा यावा. खरा खलनायक पुस्तक संपत आल्यावर उगवतो. बेला सारखी ठेचकाळते, पडते, आणि दर वेळी कुणीतरी येऊन तिला वाचवतं. या टीकेची दखल लेखिकेनेही घेतली. २०१५ साली तिने तीच गोष्ट मुलगा-मुलगी अदलाबदल करून पुन्हा लिहिली. पण हे दोष किरकोळ आहेत, त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच पानांची. पहिल्या भागात कळतं की एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसायचा. तिला न विचारता, तिच्या नकळत. हे ऐकल्यावर ती मोहरते. तिसऱ्या भागात ती जेकब या मित्राला भेटायला निघते. आपल्या जुन्या गाडीत बसते, किल्ली फिरवते, गाडी सुरूच होत नाही. शेजारी बघते तर एडवर्ड बसलेला आणि त्याच्या हातात इंजिनचा काढलेला भाग. तिने जाऊ नये म्हणून त्याने गाडीच बंद पाडलेली असते. वर तो शांतपणे सांगतो की मी रात्री येऊ नये असं वाटत असेल तर खिडकी लावून घे. बेला चिडून खिडकी आदळते, आणि थोड्या वेळाने स्वतःच उघडते. पुढे एडवर्डला आपली चूक उमगते, तो तिला जाऊ देतो, हेही खरं. पण मुलींच्या लक्षात राहते ती उघडलेली खिडकी.

याच पानावर बोलायचं. बसस्टँडपासून क्लासपर्यंत मुलीच्या मागे मागे येणारा मुलगा, तिचा फोन तपासणारा, अमक्याशी बोलू नको म्हणणारा, हेही सगळं प्रेमाच्याच नावाखाली चालतं. नको म्हटल्यावरही मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हेही मुलीला माहीत हवं.

तुलनेसाठी घरात सगळ्यांनी पाहिलेला ‘मुंज्या’ घ्या, २०२४चा, आदित्य सरपोतदारांचा. त्यातही एक पोरगा एका मुलीसाठी वेडा होतो, मेल्यावरही तिला सोडत नाही, आणि त्यातल्या आजच्या नायिकेचं नावही योगायोगाने बेलाच आहे. तिथे तोच हट्ट पाहून आपल्या अंगावर काटा येतो. ‘ट्वायलाइट’मध्ये हट्ट करणारा देखणा आहे, एवढाच फरक. हे एकदा दाखवून दिलं की मुली खळखळून हसतात आणि मग गप्प होऊन विचार करतात. अमोल पालेकरांचा ‘पहेली’ही मुलीबरोबर बघा. विजयदान देथांच्या कथेवरचा. नवरा धंद्यासाठी परगावी जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. पण येताच नवरीला खरं काय ते सांगतं, आणि ठरवायचं तिच्यावर सोडतं. तिची मर्जी आजवर कुणी विचारलेलीच नसते.

बाबांनो, तुमच्यासाठीही त्यात एक पान आहे. तिसऱ्याच भागात जेकब बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. बेलाचे वडील, गावचे पोलिसप्रमुख, हे कळल्यावर जेकबला शाबासकी देतात. मला या कादंबरीतल्या कुठल्याही व्हॅम्पायरपेक्षा हा प्रसंग भीतिदायक वाटतो. आपली मुलगी एखादी तक्रार घेऊन घरी आली तर आपण काय बोलू, हे बापाने तो प्रसंग वाचून स्वतःशी ठरवावं.

आणि ते कोऱ्या महिन्यांचं प्रकरण. त्यानंतर एडवर्डचा आवाज कानावर पडावा म्हणून बेला जीव धोक्यात घालत राहते, कड्यावरून समुद्रात उडी मारते. तुमची मुलगी जेवेनाशी झाली, मैत्रिणींना टाळू लागली, तर पुस्तकाला दोष देत बसू नका. तिच्याजवळ बसा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं.

पुस्तक हिसकावून घेतलंत तर ती ते मैत्रिणीकडे वाचेल, किंवा मोबाइलवर तसल्याच मालिका वाचेल ज्यांत लेखनाची ही ताकदही नसते. त्यापेक्षा तुम्हीही वाचा. इंग्रजी जमत नसेल तर तिलाच गोष्ट सांगायला लावा आणि वेताळासारखा शेवटी एक प्रश्न टाका. उत्तर मात्र तिला देऊ द्या.

चौथ्या भागात बेलाचं लग्न होतं, अठराव्या वर्षी, शाळा संपल्या संपल्या. डार्टमथसारख्या नामांकित कॉलेजात मिळालेला प्रवेश बाजूला राहतो. बेलाची आई स्वतः अशीच शाळेतून थेट बोहल्यावर चढली होती आणि पस्तावली होती. आधी शीक, मग लग्न, हे तिने लेकीच्या मनावर ठसवलेलं असतं. तरीही लेकीचं लग्न ठरल्यावर ती चटकन हो म्हणते. आपल्याकडे मंठा, परतूर, घनसावंगीत कारखान्याला ऊसतोडीला निघण्याआधी पोरीला उजवून टाकायची घाई होते, कधी अठरा पूर्ण व्हायचीही वाट पाहिली जात नाही. म्हणून त्या भागाशी आलात की मुलीला विचारा, बेलाने आधी कॉलेजला जायला हवं होतं का? ती बोलेल ते पूर्ण ऐका. आणि तिने उलट विचारलं, “आई, तुला विचारलं होतं का गं कुणी?” तर जे खरं असेल ते सांगा.