टर्बो बदलण्याआधी तेल पाहा

व्यापारी बंधूंनो, जालन्याचे पोलाद, बियाणे आणि आमचे कापडही ट्रकने जाते. ट्रकची ओढ कमी झाली, निळा धूर निघाला की मालक लगेच नवा टर्बो बसवतो. महिन्याभरात तोही जातो, माल वाटेत अडकतो आणि खर्च दुप्पट होतो.

टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते, तेही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून आधी तेल व फिल्टर बदला, तेलाची नळी साफ करा, हवेचा पाइप फाटला का पाहा. सांगाडा शाबूत असेल तर मिस्त्रीकडून फक्त आतला कार्ट्रिज बदलून घ्या. बसवताना त्यात स्वच्छ तेल ओता. घाट चढून आल्यावर इंजिन दोन मिनिटे मंद चालवून मगच बंद करा.

माग बिघडलेला असताना सूत बदलून कापड सुधारत नाही.