बोर्ड बदल, पण फॉरमॅटला हो म्हणू नकोस

अगं बाय, आधी पाणी पी आणि मग बोल. काय म्हणाला तो दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा? "मदरबोर्ड गेलाय, बदलायला लागेल, फॉरमॅट मारून देतो, डेटा जाईल." असंच ना? बोर्ड गेल्याचं कदाचित खरं असेल. पण फॉरमॅटला हो म्हणू नकोस. मी येईपर्यंत मशीन त्याच्या हातात देऊही नकोस.

तुला कॉम्प्युटरचं रडू येत नाहीये, मला माहीत आहे. तू सासऱ्यांची पत्र्याची पेटी रिकामी करून चार महिने बसून ते कागद स्कॅन केलेस, त्याचं येतंय. संपादनाच्या नोटिसा, निवाडे, जुने सातबारा, वारसांची कागदं, सिडकोची साडेबारा टक्के भूखंडाची पत्रं. जासईत हे कागद काय असतात ते बाहेरच्याला कळायचं नाही. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव ते. जमिनीच्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि साडेबारा टक्क्यांचा हक्क त्या लढ्यातून आला. अजून दर जानेवारीला त्यांची आठवण काढतात ना तुमच्याकडे? म्हणून तर प्रत्येक घरात एक पेटी आहे. तुझ्याकडे स्कॅनर आहे म्हटल्यावर चार चुलत घरांच्या पेट्याही तुझ्याच झेरॉक्सच्या दुकानात आल्या. त्यांना आता काय तोंड दाखवू, हीच तुझी भीती.

आता ऐक. डेटा मदरबोर्डात राहत नाही. कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलंस की वहीपेक्षा लहान, पण हाताला जड लागणारी एक चपटी पेटी दिसेल. तिला दोन वायरी लावलेल्या असतात, एक रुंद आणि एक अरुंद. ती हार्ड डिस्क. तुझे सगळे कागद तिथे आहेत. बोर्ड जळला तरी ती बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते. सगळं बंद कर, प्लग काढ, दोन वायरी सोडव, स्क्रू काढ आणि ती डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात ठेव. मग दुकानदार काहीही म्हणू दे, त्याच्या हाती फॉरमॅट मारायला काही उरतच नाही.

हे मी शहाणपणाने नाही शिकले गं. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला असंच झालं होतं. एका दुकानात दिला, त्याने बोर्ड बदलला, विंडोज नवं टाकलं आणि हसत म्हणाला, "ताई, डी ड्राइव्हला हातही लावला नाही." डी ड्राइव्हमध्ये माझी गाणी होती. बाकी सगळं, आईच्या दवाखान्याचे रिपोर्टसुद्धा, मी डेस्कटॉपवर ठेवायचे. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, हे मला त्या दिवशी कळलं. तुझंही सगळं डेस्कटॉपवरच आहे, मी पाहिलंय. निळ्या आकाशाचं चित्र दिसत नाही एवढ्या फाइली!

बरं, बोर्ड गेलाच आहे हे आधी पक्कं करू या. तुमच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर, त्यांची धूळ, वर खाडीची खारी हवा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून परत बसव. बऱ्याच वेळा मशीन यानेच उठतं. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते, तीही बदलून बघ. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, दुसऱ्याची लावून बघायला दिराला सांग. हे सगळं करूनही काही होत नसेल, किंवा प्रोसेसरजवळचे उभे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर मग बोर्डाचं नाव घेऊ.

डिस्क काढलीस की पहिलं काम नवा बोर्ड आणणं नाही. पहिलं काम कॉपी. साटा ते यूएसबी अशी एक केबल मिळते, ती माझ्याकडे आहे. मोठ्या डिस्कला तिच्यासोबत वेगळा वीजपुरवठा लागतो, तोही आहे. माझ्या लॅपटॉपला लावू, आणि तुझी फोल्डरं एका नव्या डिस्कवर उतरवून घेऊ. "परवानगी नाही" म्हणेल तेव्हा कंटिन्यू दाबायचं, घाबरायचं नाही. एक लक्षात ठेव, ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड असे उचलून येत नाहीत, ते त्या विंडोजच्या कुलपात असतात. म्हणून तर जुनं विंडोज मला तसंच उभं करायचंय. डिजिटल सही तुझ्या यूएसबी टोकनमध्ये आहे, तिला काही होत नाही. टॅलीचं लायसन्स मात्र कदाचित नव्याने चालू करावं लागेल.

आता बोर्ड. तुझा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय३, सॉकेट ११५०, रॅम डीडीआर३. त्याला एच८१ चा बोर्ड चालतो, आणि त्याच जातीचा बोर्ड घेतला तर जुनं विंडोज बहुतेक कुरकुर न करता उठतं. उरणच्या लोकलने निघायचं, पुढे गाड्या बदलत ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तिथे चार दुकानं फिर. जुना बोर्ड पिशवीत घेऊन जा आणि "हाच, नाहीतर याच चिपसेटचा" एवढंच म्हण. नव्या पिढीचा बोर्ड घे म्हणून गळ घालतील. मग प्रोसेसरही नवा, रॅमही नवी. खरं सांगू? पैसे असतील तर तेही वाईट नाही, कारण विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि तुझ्या आय३ वर ११ नीट बसणार नाही. पण ते सहा महिन्यांनी, शांत डोक्याने कर. आत्ता तुला फक्त दुकान सुरू करायचंय.

बसवताना दिराला बोलाव, त्याचा हात स्थिर आहे. आधी मोबाइलने प्रत्येक वायरीचा फोटो काढ. पॉवर बटणाच्या त्या बारीक पिना सगळ्यांना रडवतात. डब्यात बोर्डाखाली पितळेच्या छोट्या खुंट्या असतात. नव्या बोर्डाला भोक नाही तिथली खुंटी काढून टाका, नाहीतर शॉर्ट होईल. प्रोसेसरवरची जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावायची, वाटाण्याएवढी, लोण्यासारखी थापायची नाही. आणि काम सुरू करण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते.

पहिल्यांदा सुरू करताना थेट विंडोज उघडायचं नाही, बायोसमध्ये जायचं. दोन गोष्टी बघायच्या. एक, डिस्कची पद्धत, एएचसीआय का आयडीई. जुन्यात होती तीच ठेवायची, नाहीतर निळा पडदा येतो. दोन, बूट लेगसी का यूईएफआय. तुझं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीचं आहे. एच८१ मध्ये दोन्ही चालतात. पण अगदी नवे बोर्ड बहुधा फक्त यूईएफआय मानतात, तिथे डिस्क दिसूनही मशीन उठत नाही, आणि नेमका तिथेच दुकानदार "फॉरमॅट" म्हणतो. त्यावर विंडोजचीच एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, ती डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलून देते. अर्थात कॉपी हातात असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मशीन उठलं की "विंडोज सक्रिय नाही" असं म्हणेल. तुझं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेलं असेल तर सेटिंगमधल्या ट्रबलशूटरमध्ये "अलीकडे हार्डवेअर बदललं" एवढं सांगायचं. ज्या मशीनबरोबर आलं त्याच्याच नावाचं असेल तर मात्र ते पुढे चालत नाही, दुसरं घ्यावं लागेल.

दिराच्या नव्या लॅपटॉपचं वेगळं आहे, त्याला आत्ताच सांग. नव्या विंडोजमध्ये डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या चिपमध्ये राहते. तिथे बोर्ड बदलला की मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतो? काही लॅपटॉपमध्ये तर डिस्क बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे बोर्ड गेला की खरंच सगळं गेलं. ती रिकव्हरी की त्याला आजच वहीत उतरवून घ्यायला लाव. पेटीतल्या कागदांबरोबर ठेव ती वही.

शनिवारी मी केबल आणि पेस्ट घेऊन येते. तोवर झेरॉक्स चालू ठेव, गिऱ्हाईक परत पाठवू नकोस. आणि डब्याचे स्क्रू वाटीत काढून ठेव, नाहीतर पोरगं खेळायला घेईल.