न्यायासनावरील समत्व

गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात, योगी ज्यांच्या ठायी समबुद्धी ठेवतो त्यांची गणना करताना भगवंतांनी 'उदासीन' व 'मध्यस्थ' हे दोन शब्द लागोपाठ योजले आहेत. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच वाटतो. परंतु श्रीशंकराचार्यांनी भाष्यात त्यांचा भेद दाखविला आहे. जो कोणाचाच पक्ष घेत नाही तो उदासीन. परस्परविरुद्ध अशा दोघांचेही जो हित इच्छितो तो मध्यस्थ. न्यायाधीशाचे स्थान कोणते, हे जाणण्यास एवढा भेद पुरेसा आहे. कलहाकडे पाठ फिरविणाऱ्याच्या हातून अन्याय घडणार नाही कदाचित, पण न्यायही घडणार नाही.

धर्मशास्त्रात न्यायाधीशास 'प्राड्विवाक' म्हणतात. वादी-प्रतिवादींस प्रश्न विचारतो म्हणून 'प्राट्', आणि सभ्यांसह त्यांच्या म्हणण्याचे विवेचन करतो म्हणून 'विवाक', अशी या शब्दाची फोड विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेत आहे. आधी विचारणे, मग निवडणे, हा क्रम नावातच गोवलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाप्रमाणे, अन्याय्य निर्णयाच्या पापाचा एक चतुर्थांश मूळ अपराध्यास, एक साक्षीदारास, एक सभासदांस आणि एक राजास लागतो. याज्ञवल्क्य त्याही पुढे जातात. राग म्हणजे आसक्ती, लोभ किंवा भय यांस वश होऊन स्मृतीविरुद्ध निर्णय देणाऱ्या प्रत्येक सभ्यास, वादात हरणाऱ्यास होणाऱ्या दंडाच्या दुप्पट दंड ते सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ राग, भय व क्रोध यांपासून मुक्त आहे. सोळाव्या अध्यायात लोभ हे नरकाचे एक द्वार आहे. साधकाचे जे शत्रू, तेच न्यायाधीशाचेही. भारताच्या संविधानातील न्यायाधीशांच्या शपथेतही भय, पक्षपात, स्नेह व द्वेष यांचा त्याग सांगितला आहे.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. याच स्मृतींत वर्णपरत्वे दंडभेद आहेत, आणि ते गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाच्या कसोटीस उतरत नाहीत. कायद्यापुढील समानता 1950 साली संविधानाने दिली.

आसक्तीची खरी परीक्षा आप्ताच्या प्रकरणी होते. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधारी रघुनाथरावांस दोषी ठरविले आणि पद सोडले. तेथे धनी आरोपी होता. दैत्यराज प्रल्हादापुढे तर स्वतःचा पुत्र उभा होता.

ही कथा महाभारताच्या सभापर्वात आहे. प्रल्हादपुत्र विरोचन आणि अंगिरसपुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद एका कन्येसाठी झाला. दोघांनी प्राण पणास लावले आणि दोघेही निर्णयासाठी प्रल्हादाकडेच आले. खोटे बोललास किंवा मौन धरलेस तरी मस्तकाची शकले होतील, असे सुधन्व्याने बजावले. मौनाचीही गणना खोट्याबरोबर झाली, हे विशेष. प्रल्हाद कश्यपांकडे गेला, त्यांचे मत ऐकले, आणि परत येऊन पुत्रास म्हणाला की सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे. पुत्रस्नेह बाजूस ठेवल्याबद्दल संतुष्ट होऊन सुधन्व्याने विरोचनाचे प्राण परत दिले. दहाव्या अध्यायात दैत्यांमध्ये आपण प्रल्हाद आहोत असे भगवान म्हणतात. त्या विभूतीची ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

त्याच अध्यायात नियमन करणाऱ्यांमध्ये यम ही विभूती आहे. पण तो धर्मराजही निर्णयाच्या दोषातून सुटला नाही. अजाण वयात कीटकांस गवताची काडी टोचली, एवढ्यासाठी मांडव्य ऋषींस सुळावर चढावे लागले. अल्प अपराधास एवढा दंड का, असे विचारून ऋषींनी धर्मास शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाच्या कृत्यास पाप लागणार नाही अशी मर्यादाही घातली. शापित धर्म मनुष्यलोकी दासीपुत्र म्हणून जन्मास आला. तोच विदुर.

द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. विकर्ण बोलला, त्यास दटावून बसविण्यात आले. मग विदुराने उठून भर सभेत प्रल्हादाची कथा सांगितली आणि सभासदांस निर्णय देण्यास विनविले. राजे काहीच बोलले नाहीत. कर्णाने दुःशासनास आज्ञा केली, की या दासीस घरात घेऊन जा.