आटलेलें वस्त्र पूर्ववत् करतां येतें काय?

थंडीचे दिवस आले म्हणजे पेट्या उघडतात आणि गेल्या वर्षीं नीट घडी करून ठेवलेला लोंकरीचा स्वेटर बाहेर निघतो. तो अंगांत शिरत नाहीं असें दिसलें, कीं घरांत दोन तर्क निघतात : एक, मुलगा वाढला, दुसरा, परटानें कपडा बिघडविला. पुष्कळदां हे दोन्ही तर्क चुकीचे असतात. कपडा आटलेला असतो, व तो घरच्याच बादलींत आटलेला असतो. ज्या घरीं मुलास एकच स्वेटर असतो, आणि तोही आईनें किंवा थोरल्या बहिणीनें महिनाभर खपून विणलेला असतो, त्या घरीं ही हानि लहान नव्हे. म्हणून आटलेलें वस्त्र पुन्हा मूळ मापावर आणतां येतें काय, व येत असल्यास कोठपर्यंत, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ‘आटणें’ हा शब्द एकच असला तरी त्यांत दोन निरनिराळ्या क्रिया मोडतात. एकीस आपण ‘विसावणें’ म्हणूं व दुसरीस ‘गुंतणें’ म्हणूं. ह्या दोहोंतील भेद ज्याला कळला, त्याला उपाय शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं.

सुती कापड आटतें तें बहुधा विसावतें म्हणून. सूत कांततांना, मागावर चढवितांना, आणि पुढें तें कापड धुतांना, रंगवितांना व खळ देतांना तें सारखें लांबीच्या दिशेनें ओढलें जात असतें. कोरडें असेपर्यंत हा ताण कापडांत टिकून राहतो. तें पाण्यांत बुडालें कीं तंतु पाणी पिऊन फुगतात, सूत जाड होतें, उभ्या व आडव्या धाग्यांना एकमेकांभोंवतीं अधिक मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि कापडाची लांबी कमी होते. दिवसभर ताठ उभा राहिलेला मनुष्य अंथरुणावर पडतांच हातपाय आखडून घेतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे जें माप आपण दुकानांत पाहिलें तें ओढून आणलेलें माप होतें. पाण्यानंतर दिसतें तें त्या कापडाचें खरें माप.

ही गोष्ट जुन्या लोकांस चांगली ठाऊक होती. कोरा मांजरपाट किंवा खादी शिंप्याकडे देण्यापूर्वीं रात्रभर भिजत घालावी व वाळवून मग बेतावी, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरीं पाळली जाते. नव्या करारांत मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ न लावण्याविषयीं जो दृष्टांत आहे, त्याचें मर्मही ह्यांतच आहे. तेथें मूळ ग्रीक भाषेंत जें विशेषण योजिलें आहे, त्याचा अर्थ ‘ज्यावर परटाचें काम झालेलें नाहीं तें’ असा होतो. असें ठिगळ धुतल्यावर आटतें व सभोंवतालचें जीर्ण कापड ओढून फाडतें. पुढें अमेरिकेंतील सॅनफर्ड क्लुएट ह्यांनीं कापड गिरणींतच यंत्रानें लांबीच्या दिशेनें दाबून आधींच आटवून घेण्याची युक्ति काढली व १९३० सालीं तिचें पेटंट घेतलें. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नांवावरून पडला आहे. रीत यंत्राची झाली, परंतु तत्त्व भिजवून बेतण्याचेंच राहिलें.

आतां लोंकरीकडे वळूं. लोंकर म्हणजे मेंढीचे केस. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्यास लोंकरीच्या तंतूवर मासळीच्या अंगावर असावेत तसे खवले दिसतात, व त्या सर्वांची टोंकें तंतूच्या शेंड्याकडे वळलेलीं असतात. ह्याचा प्रत्यय घेण्यास यंत्रच हवें असें नाहीं. आपल्या डोक्याच्या केसावरही असेच खवले असतात. एक लांब केस मुळासकट घ्या, तो अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्यें धरा, आणि बोटें केसाच्या लांबीच्या दिशेनें पुढेंमागें चोळा. चोळणें दोहोंकडे सारखेंच असतें, तरी केस मात्र मुळाचें टोंक पुढें करून एकाच बाजूस सरकत जातो. खवले त्याला परत फिरूं देत नाहींत.

स्वेटरांतील लक्षावधि तंतूंचें ऊन पाण्यांत असेंच होतें. उष्णतेनें व पाण्यानें तंतु मऊ आणि लवचिक होतात. सोड्याच्या व साबणाच्या क्षारानें ते फुगतात. आणि त्यांतच आपण कपडा आपटला, घांसला, पिळला किंवा यंत्रांत गरगर फिरविला, म्हणजे प्रत्येक तंतु आपल्या मुळाच्या दिशेनें पुढें पुढें शिरतो व शेजाऱ्यांत अडकून बसतो. परत येण्याची वाट खवल्यांनीं बंद केलेली असते. हेंच गुंतणें. काश्मीरचा नमदा ह्याच क्रियेनें तयार होतो. तेथें लोंकर पसरून, साबणाचें पाणी शिंपडून, गुंडाळून व दाबून मुद्दाम गुंतवितात, व माग न वापरतां जाड बिछाईत होते. कारागिराच्या हातीं जी विद्या आहे, तीच आपल्या बादलींत अजाणतां घडली म्हणजे नुकसान होतें.

तेव्हां आटलेला कपडा हातीं आल्यावर ओढाताण करण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासाव्या. पहिली, तो कशाचा आहे? शिवणींतून निघालेला एक धागा चिमट्यांत धरून, वडील माणसांच्या देखत जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला तर लोंकर, कागद जळल्यासारखा आला तर सूत समजावें. धागा वितळून त्याची कठीण गोळी झाली तर तो नायलॉन किंवा पॉलिएस्टर ह्यांसारखा कृत्रिम धागा होय. असा कपडा फार तापलेल्या इस्त्रीनें आखडला असल्यास खालील उपायाचा त्यास उपयोग नाहीं. दुसरी, स्वेटर उजेडासमोर धरावा. विणीचे टांके वेगळे दिसत असतील व त्यांतून उजेड येत असेल, तर आशा आहे. टांके मिटून एकजीव, जाड, नमद्यासारखा पृष्ठभाग झाला असेल, तर तो पूर्ववत् होणार नाहीं, हें मान्य करावें. तिसरी, दोन्ही हातांनीं हळूच ताणून पाहावें. वीण थोडी तरी उघडते काय, हें पाहावें.

आशा असल्यास पुढील रीत करावी. अंगाला बरोबर बसणारा दुसरा स्वेटर जाड कोऱ्या कागदावर पसरून पेन्सिलीनें त्याची बाह्य रेषा काढावी. हें आपलें माप. एका टबांत सुमारें पांच लिटर कोमट पाणी घ्यावें. हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतकेंच, म्हणजे सुमारें ३० अंश सेंटिग्रेड, तें असावें. त्यांत केसांना लावण्याचें कंडिशनर चार-पांच मोठे चमचे नीट मिसळावें. त्यांतील स्निग्ध द्रव्यें तंतूंवर बसतात व खवल्यांचें घर्षण कमी करतात. त्यामुळें नुकतेच अडकलेले तंतु एकमेकांवरून सरकूं शकतात. स्वेटर त्यांत अर्धा तास स्वस्थ बुडवून ठेवावा. घांसूं नये, ढवळूं नये.

मग तो दोन्ही हातांनीं खालून आधार देऊन उचलावा, दाबून पाणी काढावें, पण पिळूं नये. कोरड्या टॉवेलांत गुंडाळून उरलेलें पाणी टिपून घ्यावें. नंतर मापाच्या कागदावर दुसरा पातळ कोरडा टॉवेल पसरावा. कागदाच्या कडा बाहेर दिसत राहाव्यात. त्यावर स्वेटर मांडून प्रथम रुंदी, मग लांबी, मग बाह्या, असें थोडथोडें ताणावें. एकाच जागीं जोर करूं नये; थोडें ताणून पांच मिनिटें थांबावें व पुन्हा ताणावें. ओला लोंकरी तंतु मूळ लांबीच्या सुमारें तीन दशांशापर्यंत ताणला तरी तुटत नाहीं, आणि सोडला तर पूर्वस्थितीवर येतो. म्हणून ताणलेला कपडा वाळेपर्यंत तसाच धरून ठेवणें अवश्य आहे. त्यासाठीं कडांना न गंजणाऱ्या टांचण्या लावाव्या किंवा स्वच्छ गुळगुळीत दगड ठेवावे. वाळवणें सावलींत व आडवेंच करावें. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भारानें स्वेटर लोंबतो आणि रुंदी आणखी कमी होते. एका दिवसांत पुरें माप न आलें तर दुसऱ्या दिवशीं सर्व क्रिया पुन्हा करावी. शिवण करकरूं लागली कीं थांबावें. शेवटीं माप आल्यावर गार पाण्यांत एकवार हलकेंच बुडवून काढावा व पुन्हा तसाच मांडून वाळवावा.

सुती सदऱ्यास ओला असतांना ताणून व दमट असतांनाच इस्त्री करून कांहीं लांबी परत देतां येते. परंतु पुढच्या धुण्यांत तो पुन्हा विसावतो, कारण तेंच त्याचें खरें माप. त्यास टिकाऊ उपाय म्हणजे दुमड सोडणें. म्हणूनच शाळेचे कपडे शिवतांना शहाणा शिंपी आंत दोन बोटें कापड राखून ठेवतो.

आणि जो स्वेटर पुरता नमदा झाला, तो तरी टाकावा काय? मुळींच नाहीं. गुंतलेली लोंकर कात्रीनें कापली तरी उसवत नाहीं. तिचे बुटांतील अस्तर, धाकट्या भावाची टोपी, गरम भांडें धरण्याचें फडकें असे पदार्थ सहज होतात, व ते मूळ विणीपेक्षां अधिक ऊबदार असतात.

तथापि सर्वांत स्वस्त उपाय अगोदरचाच होय. लोंकर थंड किंवा कोमट पाण्यांत रिठ्यानें किंवा सौम्य साबणानें धुवावी. धुण्याचा सोडा वापरूं नये. ऊन पाण्यांतून एकदम गार पाण्यांत टाकूं नये. कपड्याच्या आंतल्या चिठ्ठीवर टबांत बुडविलेल्या हाताचें चिन्ह असेल, तर तो हातानेंच धुवावयाचा आहे असें समजावें.

विद्यार्थ्यांनो, कोणतीही बिघडलेली वस्तु सुधारावयाची असेल तर ती विसावली आहे कीं गुंतली आहे, हें आधीं पाहावें. विसावलेल्यास जागा द्यावी, थोडें गुंतलेल्यास धीरानें सोडवावें, आणि जें सुटणार नाहीं त्यास नवें काम द्यावें. जोर मात्र ह्यांपैकीं कोठेंच उपयोगी पडत नाहीं.